बांधाच्या हयातीचा दाखला

९ मार्च २०२५
लोअर एल्क बॉटम, मिसुरी

गुरुनाथ कीर्तने यांस,

वर 'तीर्थरूप' लिहिलेलं नाही ते विसरून नव्हे. तीर्थ, पाणी, आंघोळ हे सगळं तू माझ्या नावाने एकदा करून मोकळा झालास, तेव्हा आता कोरडा मायना चालवून घे. तब्येत कशी आहे हेही विचारत नाही. तुझ्या हिमानीकडून कळतं. गुडघा बदललास, गोड सोडलं नाहीस, आणि न्यू जर्सीत आयसेलिनच्या दुकानातल्या पोरांना आंबे कसे निवडायचे यावर अजून व्याख्यान देतोस. म्हणजे ठणठणीत आहेस.

मला तुझी सही हवी आहे. दुसरं काही नको. सोबतच्या अर्जावर पिवळी चिठ्ठी चिकटवली आहे, तिथे करायची. कशासाठी ते सांगते, कारण न वाचता सही करणाऱ्यांपैकी तू नाहीस. वाचून न करणाऱ्यांपैकी आहेस.

१९८४ साली इथल्या शेतकऱ्यांचं दिवाळं निघालं होतं आणि तुला जमीन घ्यायची हुक्की आली. मी या काउंटीतली एकुलती एक डॉक्टर होते, म्हणून जमीन माझ्या उशाशी घ्यायची ठरली. दोघांच्या नावावर. तू नवा कोरा रेनकोट घालून आलास, बांधावर उभा राहिलास, 'छान आहे' म्हणालास आणि विमान पकडलंस. ज्या बांधावर उभा होतास तो कोणाचा हे विचारायचं तुला सुचलं नाही. केमिकल इंजिनिअर ना तू, माती म्हणजे मागे उरलेला गाळ.

तर ऐक. ही जमीन ताटासारखी आहे. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला टेकडी, आणि नदीला आत येऊ न देणारा तो बांध. बांध सरकारचा नाही आणि कोणा एकाचाही नाही. तो लेव्ही डिस्ट्रिक्टचा आहे. म्हणजे आत ज्यांची जमीन आहे त्या सगळ्यांनी मिळून केलेली आणि कोर्टाने मंजूर केलेली एक संस्था. ती कर घेते, पंप चालवते, बांधावर झाडं उगवू देत नाही आणि ग्राउंडहॉग पकडते. ग्राउंडहॉग म्हणजे घुशीचा थोरला भाऊ, बांध पोखरतो. थोरले भाऊ सगळीकडे सारखेच.

आता ही संस्था मेली आहे.

जानेवारीत नदी चढली तेव्हा पंपाजवळ, बांधाच्या आतल्या अंगाला, जमिनीतून पाणी उकळल्यासारखं वर यायला लागलं आणि पाण्याबरोबर वाळू. वाळू येते म्हणजे बांधाचं पोट पोकळ होतंय. पोती रचून आम्ही ते कसंबसं थोपवलं आणि दुरुस्तीसाठी सरकारकडे मदत मागितली. त्यांनी विचारलं, तुमची डिस्ट्रिक्ट अस्तित्वात असल्याचा पुरावा काय? आमचा वकील टकर, ज्याला बघून वाटतं की आईने अजून डबा भरून दिला असेल, कोर्टात जाऊन कागद काढून आला. कोर्टाने या संस्थेला पन्नास वर्षांचं आयुष्य दिलं होतं. ते गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात संपलं. कोणाच्या लक्षातही आलं नाही. त्यानंतरही चर्चच्या तळघरात मीटिंगा झाल्या, निवडणुका झाल्या, पीच कॉब्लर खाल्लं गेलं. मी सेक्रेटरी. या काउंटीतल्या निम्म्या मृत्यूच्या दाखल्यांवर माझी सही आहे, पण मढ्याच्या मीटिंगचं इतिवृत्त मी पहिल्यांदाच लिहिलं.

माणसाला मिळत नाही ती सवलत कायद्याने डिस्ट्रिक्टला दिली आहे. निम्म्याहून जास्त एकरांच्या मालकांनी अर्ज केला तर जज तिला परत जिवंत करतो. इथे डोकी मोजत नाहीत. एक एकर, एक मत. सगळ्यात मोठा तुकडा आपला आहे. तो धरला नाही तर बाकी सगळे मिळूनही निम्म्यापर्यंत पोचत नाहीत. आणि तो धरायचा तर दोन्ही मालकांच्या सह्या लागतात. म्हणजे ज्याला ही नदी कुठल्या दिशेने वाहते तेही माहीत नाही, त्याच्या हातात बांध आहे. लोकशाही बघ कशी असते.

सही झाली नाही तर संस्था नाही. संस्था नाही तर कर नाही, मदत नाही, बांधावर चिखलाची पाटी टाकायची कोणाला परवानगीसुद्धा नाही. पुढचं मोठं पाणी त्या पोकळीतून आत येईल. आत माझं घर आहे, लरॉयचं आहे, अजून दहा-बारा कुटुंबं आहेत. लरॉय म्हणजे आपली जमीन कसतो तो. दर वर्षी त्याच्या खंडाचे पैसे तुझ्या खात्यात येतात तेव्हा तुला तो कोण हा प्रश्न पडला नसेल, म्हणून सांगितलं.

ऑगस्टच्या शेवटी जजपुढे तारीख आहे.

नीलांबरी
(हयात)


२१ एप्रिल २०२५

गुरुनाथ यांस,

तुझं उत्तर पोचलं. नेहमीसारखं पोरीच्या तोंडून.

हिमानीचा कॅरोलिनातल्या मॉरिसव्हिलहून फोन आला. "आत्या, बाबा म्हणतात की, यू नो, ही इज थिंकिंग अबाउट इट." मी विचारलं, विचार करताना तो काय करतो? ती म्हणाली, टीव्ही बघतायत. मग बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली, ऑफिसात काय चाललंय, स्विमिंगचा क्लास कॅन्सल केला, आणि शेवटी सांगून टाकलं की तुला कोणीतरी ऑफर दिली आहे.

ते कोणीतरी माझ्याकडेही येऊन गेलं. स्वच्छ बूट. एप्रिलमध्ये या जमिनीवर ज्याचे बूट स्वच्छ राहतात त्याचा हेतू स्वच्छ नसतो, इतकं मला इथे राहून कळतं. त्याच्या कंपनीला अख्खा बॉटम, म्हणजे नदीकाठचा हा सगळा सखल पट्टा, पाहिजे आहे. इथे परत दलदल करायची, बदकं आणायची. शहरात कोणी दलदल बुजवून मॉल बांधला की त्याला दुसरीकडे दलदल दाखवावी लागते, ती ही विकणार. बदकांशी माझं काही वैर नाही. पण डिस्ट्रिक्ट मेलेली राहिली की कंपनीला कोणाला विचारावं लागत नाही. बांध आपोआप फुटेल आणि काम फुकटात होईल. तो हसून म्हणाला, निसर्ग आपलं परत घेईल. मी विचारलं, माझ्या कपाटासकट का? त्यावर त्याने मला कंपनीचं नाव असलेलं पेन दिलं. ते उठत नाही.

तुला तो आवडला असणार. इस्त्रीचा शर्ट दिसला की तू भुलतोस.

आता विषय निघालाच आहे तर तुझ्या आंघोळीबद्दल बोलू. १९९१ चा जानेवारी. मी फोन करून सांगितलं की व्हर्नशी लग्न केलं. तू जातीचं विचारलं नाहीस, तेवढा सुधारलेला होतास. विचारलंस, करतो काय. मी म्हटलं, डुकरं पाळतो. तू फोन ठेवलास. दुपारी परत केलास आणि म्हणालास, "मी तुझ्या नावाने आंघोळ केली आहे." बस. इतकंच.

मला तेव्हापासून एकच विचारायचं आहे. न्यू जर्सीत, जानेवारीत, थंड पाण्याने केलीस का रे? नाहीच केली असशील. नळ फिरवून आधी हात घालून बघितलं असशील. बहीण मेली ती मेली, सर्दी कशाला करून घ्या.

आणि तुझी नातवंडं दर शुक्रवारी पेपरोनी पिझ्झा खातात तेव्हा कुठे आंघोळ करतोस? हिमानीने मला फोटो पाठवलाय. तूही आहेस त्यात, मागे, तोंड भरलेलं.

व्हर्न वाईट माणूस असता तर मी तुला माफ केलं असतं. तो चांगला होता. तुझ्याविषयी चुकूनही वाकडं बोलला नाही, म्हणायचा तुझ्या भावाला दुखलं असेल. मी म्हणायची, त्याला दुखत असतं तर डॉक्टरकडे आला असता. चार वर्षं झाली त्याला जाऊन. तुला हिमानीने सांगितलं होतं आणि तू 'अच्छा' म्हणाला होतास, हेही तिने मला सांगितलं. मुलगी गुणी आहे तुझी, पण तिच्या पोटात काही राहत नाही.

मालिनीवहिनी मात्र दर दिवाळीला चकल्यांचा डबा पाठवायची, पाठवणाऱ्याचं नाव न घालता. खोक्यावर आयसेलिनचा शिक्का असायचा आणि आत गुंडाळलेलं वर्तमानपत्र तुझं. तुला माहीत नसेल. ती गेल्याचं कळलं तेव्हा मीही आंघोळ केली. पंपाचं पाणी, मार्चमधलं. ती खरी आंघोळ.

डिस्ट्रिक्टचं आणि माझं सारखंच झालंय. कोणीतरी लांब बसून ठरवलं की मेली, आणि इथे ती रोज उठून गवत कापतेय.

सही पाठव.

नीलांबरी
(हयात)


३० मे २०२५

गुरुनाथ यांस,

आज हसून हसून पोटात दुखलं. तुलाही सांगते. तुला हसू येणार नाही, त्यातच खरी मजा आहे.

टकर जमिनीचे जुने कागद घेऊन आला. म्हणाला, डॉक्टर, अर्जावर तुमच्या भावाची सही आली तरी चालणार नाही, कारण या काउंटीत गुरुनाथ कीर्तने नावाच्या माणसाची जमीनच नाही. नीलांबरी कीर्तनेचीही नाही.

आठव. १९८४, इथल्या वकिलाचं ऑफिस, तू मला दटावतोयस, "नाव नीट पूर्ण लिही." आणि आपण दोघांनी मिरजेच्या शाळेत शिकवल्याप्रमाणे लिहिलं. आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं. कीर्तने गुरुनाथ चंद्रशेखर. कीर्तने नीलांबरी चंद्रशेखर. टायपिस्ट बाईला वाटलं शेवटचं ते आडनाव. पुढचं कीर्तने तिला दोघांच्या नावात सारखंच दिसलं, ती काहीतरी पदवी समजली असेल, तिने गाळून टाकलं. उरले गुरुनाथ चंद्रशेखर आणि नीलांबरी चंद्रशेखर. एक पुरुष, एक बाई, आडनाव एक, जमीन एक. बाई व्यवहारी होती. तिने पुढे टाइप केलं, 'पती-पत्नी'.

हो. पती-पत्नी. एकेचाळीस वर्षं या काउंटीच्या दप्तरात तू माझा नवरा आहेस. इंग्लिश तुझं चांगलं, म्हणून कागद तू वाचून घेतला होतास.

मी लरॉयला सांगायला गेले तर तो चकितसुद्धा झाला नाही. म्हणाला, आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मी नवऱ्याला सोडलं आणि मग व्हर्नशी लग्न केलं अशीच समजूत आहे इथे. "ते एकदा रेनकोट घालून आले होते, तेच ना? तुम्हाला कोणी दोष दिला नाही, डॉक." चर्चमधल्या बायका मला लग्नानंतर पहिल्या वर्षी इतक्या मायेने का वागवायच्या ते आज उलगडलं.

आणि त्या तुकड्याला इथे काय म्हणतात माहीत आहे? इकडे शेताला मालकाचं नाव पडतं आणि मालक गेला तरी ते पुसत नाही. आपल्या शेताला म्हणतात 'चंद्रा'. लरॉय म्हणतो, यंदा चंद्रावर मका लावलाय. मला वाटायचं माझ्याच नावाचं काहीतरी तोडून-मोडून केलंय. अप्पांचं नाव आहे ते. कृष्णेच्या नावेत बसायला घाबरणारे आपले अप्पा, मिरजेच्या दवाखान्यातले कंपाउंडर, त्यांच्या नावाने मिसुरीत नदीकाठी मका उगवतो. तू कीर्तने घराण्याच्या नावाला बट्टा लागला म्हणून आंघोळ केलीस ना? इथे कीर्तने कोणी नाहीच. इथे फक्त चंद्रशेखरची दोन मुलं आहेत.

आता कामाचं. नाव जुळत नाही आणि नातं चुकलंय, म्हणून जज दोघांकडून प्रतिज्ञापत्र मागणार. नोटरीसमोर, शपथेवर. की कागदावरचे आम्ही तेच दोघं. की आम्ही सख्खे बहीणभाऊ. आणि की दोघंही आज हयात आहेत. तू मला हयात म्हणायचं, मी तुला.

तुझ्या स्वच्छ बुटांच्या कंपनीलाही हेच लागणार आहे, टकरने विचारून घेतलं. जमीन दोघांची. मी तर विकणार नाहीच. तुला तुझा अर्धा वाटा तोडून विकायचा असला तरी आधी हा घोळ निस्तरल्याशिवाय ते एक डॉलर देणार नाहीत. म्हणजे विक नाहीतर वाचव, काहीही कर, त्याआधी तुला हात वर करून सांगावं लागणार की नीलांबरी ही माझी सख्खी बहीण आहे आणि ती जिवंत आहे.

अप्पा दर नोव्हेंबरला पेन्शनसाठी बँकेत हयातीचा दाखला द्यायला जायचे, आठवतं? कारकून रोज संध्याकाळी त्यांच्यासोबत पारावर बसायचा, तरी त्याच्यासमोर उभं राहून लिहून द्यावं लागायचं की मी आहे. आपण हसायचो. अप्पा म्हणायचे, हसू नका, कोणीतरी विचारतंय तोवर बरं.

माझं प्रतिज्ञापत्र मी आजच केलं. 'माझा भाऊ गुरुनाथ हयात आहे.' काही त्रास झाला नाही. सोपं असतं.

नीलांबरी
(हयात, तुझी बायको)


२६ जून २०२५

गुरुनाथ यांस,

हे पत्र हिमानीच्या हाती देतेय, म्हणजे पोचलं नाही असं म्हणता येणार नाही.

गेल्या आठवड्यात वरच्या अंगाला खूप पाऊस झाला आणि नदी चढली. हिमानीला मी ये म्हटलं नव्हतं. ती वीकएंडला आत्याला भेटायला म्हणून आली, कॅरोलिनाहून विमानाने, आणि सामान ठेवते तोच लरॉय ट्रक घेऊन दारात. पंपाजवळ परत वाळू यायला लागली होती. सगळं गाव तिथे जमलं. हिमानीने दुपारभर पोती भरली. तिच्या हातांना फोड आलेत ते बघून घे. तुझ्या घराण्यात हाताला फोड यायची ही बहुधा पहिलीच वेळ.

मला फावडं उचलवत नाही. खांदा गेलाय. मी ट्रकच्या मागे खुर्ची टाकून बसले होते आणि लोकांना पाणी देत होते. घाबरले वगैरे नव्हते. ट्रकमध्ये व्हर्नचा फोटो आणि औषधांची पिशवी होती, ती हिमानीने न विचारता आणून ठेवली असणार. मी नव्हती ठेवली. म्हणजे ठेवली असली तरी लक्षात नाही.

टिकला बांध. थोडक्यात. पाणी उतरायला लागलं तेव्हा हिमानी चिखलात माझ्या खुर्चीशेजारी बसली. मग म्हणाली, "आत्या, हे लॉयरचं नाटक नाहीये. घर जाईल तुझं." मी म्हटलं, तुझ्या बाबांना मी मार्चपासून हेच लिहितेय. ती म्हणाली, "बाबांना वाटतं तू त्यांना शिव्या घालायला लिहितेस." मी म्हटलं, तेही खरं आहे.

तर आता शिव्या न घालता एकदा लिहिते. बघ, जमतंय का.

मला या वयात दुसरीकडे राहायला जमणार नाही. अल्फारेटासारख्या आपल्या लोकांच्या गावात छान कॉन्डो, म्हणजे फ्लॅट, असतात, मराठी मंडळ असतं, गणपतीला ढोल असतात, हिमानी सांगते. मला नको. या घरात माझा नवरा मेला आणि मलाही इथेच मरायचं आहे, कागदावर नाही, खरोखर, अंथरुणात, कोरड्या खोलीत. इतकंच मागतेय.

हे लिहिताना मला किती कंटाळा आला तुला कल्पना नाही. आता परत नेहमीचं. तू भित्रा आहेस. व्हर्नच्या डुकरांना नव्हतास भीत, लोक काय म्हणतील याला भीत होतास. आयसेलिनच्या रस्त्यावरचे ज्वेलर्स, साडीवाले, मंडळाचे सेक्रेटरी. त्यातल्या एकालाही आज तुझी बहीण आठवत नाही. ज्यांच्यासाठी मारलीस ते विसरून गेले आणि तू अजून सुतक धरून बसला आहेस.

हिमानीजवळ तीन कागद दिलेत. प्रतिज्ञापत्र, डिस्ट्रिक्टचा अर्ज, आणि त्या बूटवाल्याचा विक्रीचा करार, तो माझ्याकडेही टाकून गेला होता. पहिल्यावर सही कर. मग उरलेल्या दोनांतला कुठला ते तू ठरव. मी बघायला येणार नाही.

नीलांबरी
(हयात, अजून)


१२ ऑक्टोबर २०२५

ती. दादा,

मायना वाचून हुरळून जाऊ नकोस. टकरने सगळ्या कागदांवर नातं पूर्ण लिहायला लावलं, हाताला सवय लागली.

हिमानीने मला सगळं सांगितलं. तिच्या पोटात काही राहत नाही हे मी आधीच लिहिलंय. ती तुला बँकेत घेऊन गेली. नोटरी कोणी पटेल बाई होत्या, तुला अंकल म्हणत होत्या. त्यांनी हात वर करायला सांगितला. तू केलास. नावाचं विचारलं, सांगितलंस. नात्याचं विचारलं, तेही सांगितलंस, पती-पत्नी ऐकून त्या हसल्या आणि तू चिडलास. मग त्यांनी विचारलं, "अंकल, इज युअर सिस्टर लिव्हिंग?"

मागे रांग. त्यांना वाटलं तुला ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी मोठ्याने विचारलं. तू मराठीत म्हणालास, "आहे." त्या म्हणाल्या, इंग्लिशमध्ये सांगा अंकल. आणि तू, हिमानी म्हणते, काउंटरला दोन्ही हातांनी धरून म्हणालास, "शी इज अलाइव्ह. माय सिस्टर इज अलाइव्ह." एकदा विचारलं होतं. दोनदा सांगितलंस.

मग बाहेर येऊन गाडीत बसलास, हिमानीकडे पेन मागितलंस आणि मांडीवर अर्ज ठेवून सही केलीस. विक्रीचा करार काउंटरवरच राहिला. हिमानी म्हणते विसरलास. मी म्हटलं, तुझे बाबा छत्रीसुद्धा विसरत नाहीत.

माझ्या नावाचं स्पेलिंग मात्र चुकवलंस. दोनाऐवजी एकच 'ई'. चौथीत माझ्या वहीवर घातलेलास तसंच. टकरला ते दुरुस्त करू का विचारायचं होतं, मी राहू दे म्हटलं.

ऑगस्टमध्ये जजपुढे आम्ही सगळे धुतलेले कपडे घालून गेलो. जज बाईंनी एकर मोजले, आपल्या तुकड्यापाशी थांबून चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, आणि हुकूम दिला. लोअर एल्क बॉटम लेव्ही डिस्ट्रिक्ट पुन्हा अस्तित्वात आली. नुसती आजपासून नाही. हुकुमात लिहिलंय की मुदत संपली त्या दिवसापासून धरून, जणू मध्ये खंड पडलाच नाही. त्या मढ्याच्या मीटिंगा, ते ठराव, ती निवडणूक, सगळं कायदेशीर झालं. लरॉय रडला. मी नाही. टकरने मला रुमाल दिला तो उगाच दिला.

कोर्टाला हे करता येतं, दादा. मला येत नाही. मधली चौतीस वर्षं धरली जाणार नाहीत. वहिनीचं आजारपण मी बघितलं नाही, व्हर्नला खांदा द्यायला तू आला नाहीस, हे तसंच राहणार. तू दोनदा सांगितलंस म्हणून ते भरून येत नाही. ते डोक्यात असू दे, आणि पुढचं वाच.

मका निघाला. नोव्हेंबरमध्ये मातीचे ट्रक येतील आणि पंपाजवळचं पोट भरतील. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी डिस्ट्रिक्टची मीटिंग आहे, चर्चच्या तळघरात. सगळ्यात जास्त मतं आपल्या तुकड्याची, आणि तुझ्या अर्ध्या वाट्याची मतं घालणारा कोणी तिथे आजवर आलेला नाही. लोकांना बघायचं आहे चंद्रा कसा दिसतो. त्यांना सांगितलंय की नवरा नव्हे, भाऊ. त्यांची जरा निराशा झाली.

रेनकोट आणू नकोस, गमबूट आण. बांधावरून चालत ये, मी दाखवते नदी कुठल्या दिशेने वाहते. पण चिखलाने भरलेला तसा घरात शिरायचं नाही. मागच्या दाराशी एक न्हाणी आहे, व्हर्नने डुकरांच्या शेडमधून आल्यावर धुवायला बांधलेली. गरम पाणी येतं. आधी आंघोळ कर, मग आत ये.

टॉवेल घेऊन मी बाहेर उभी असेन.

नीलू